संत्र्याच्या सालीवरचा डाग नरखेडला एवढा महाग का पडतो?

नागपूर जिल्ह्याच्या वायव्य कोपऱ्यात नरखेड तालुका आहे. एका बाजूला वर्धा नदी, तिच्या पलीकडे अमरावतीचं वरुड आणि वर मध्य प्रदेशातलं पांढुर्णा. हा तालुका बातम्यांमध्ये येतो तो बहुतेक वेळा फळगळीमुळे. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये पाऊस लागून राहिला की झाडाखाली हिरव्या-पिवळ्या संत्र्यांचा सडा पडतो, त्याचे फोटो फिरतात, तहसीलवर निवेदनं जातात आणि पंचनाम्याची मागणी सुरू होते. २०२४ च्या पावसाळ्यातही काटोल-नरखेड पट्ट्यात हेच झालं.

पण शेतकऱ्याच्या खिशाला लागणारी दुसरी एक गळती अशी दिसत नाही. फळ झाडावरच असतं, आतून गोड असतं, वजनालाही भरतं. फक्त सालीवर डाग असतो. कुठे देठाभोवती खरखरीत राखाडी कडं, कुठे विटकरी-तपकिरी झाक, कुठे काजळी फासल्यासारखा काळा थर, तर कुठे टाचणी टोचल्याएवढं भोक. व्यापारी बगीच्यात येतो, दोन-चार झाडांखाली फिरतो, फळ हातात घेऊन फिरवून बघतो आणि ठरलेल्या भावातून रक्कम कापतो. या नुकसानीचा पंचनामा होत नाही, कारण सरकारी हिशेबात फळ गेलेलंच नसतं.

हे डाग पाडणारे बहुतेक सगळे किडे आहेत. त्यांच्यावर उपाय आहेत आणि तेही बऱ्यापैकी जुने आहेत. तरीही दर हंगामात तीच कापाकापी का होते?

डाग एक नाही, निदान पाच आहेत

बाजारात सगळ्याला मिळून ‘डागी माल’ म्हणतात. इथूनच घोटाळा सुरू होतो. प्रत्येक डागामागचा किडा वेगळा असतो, त्याची वेळ वेगळी असते आणि त्याने होणारं नुकसानही वेगळं असतं.

सर्वांत जुना आणि विदर्भात घरोघरी माहीत असलेला प्रकार म्हणजे कोळशी. हे काम काळ्या माशीचं. नाव माशी असलं तरी ती पांढऱ्या माशीच्या कुळातली, जेमतेम मिलिमीटरभर लांबीची. कोवळ्या पानाच्या खालच्या बाजूला ती गोल चकलीसारख्या रांगेत अंडी घालते. अंड्यांतून निघालेली काळी पिल्लं पानाला चिकटून रस शोषतात आणि साखरेच्या पाकासारखा चिकट द्रव सोडतात. तो द्रव खालच्या पानांवर आणि फळांवर पडतो आणि त्यावर काळी बुरशी चढते. बगीचा कोळशाच्या भुकटीने माखल्यासारखा दिसतो, म्हणून कोळशी. बुरशी सालीत शिरत नाही, नुसती वर बसते. पण काळ्या झालेल्या पानाला ऊन मिळत नाही, झाड खंगतं आणि पुढच्या बहाराला फुलंच कमी येतात. म्हणजे या वर्षीची कोळशी पुढच्या वर्षाचंही पीक खाते.

दुसरा डाग फुलकिड्यांचा. हे डोळ्यांना धड दिसतही नाहीत. फूल गळून फळ मुगाएवढं झालं की देठाजवळच्या टोपीखाली लपून ते कोवळी साल खरवडतात. तेव्हा ओरखडा केसाएवढा असतो. फळ वाढतं तसा ओरखडाही ताणला जातो, आणि नोव्हेंबरमध्ये तोडणीच्या वेळी देठाभोवती रुपयाएवढं राखाडी कडं तयार झालेलं असतं. रबराच्या फुग्यावर पेनाने ठिपका काढून फुगा फुगवावा, तसं.

तिसरा लाल्या. हा मुळात किडाच नव्हे. कोळी, म्हणजे आठ पायांचे सूक्ष्म जीव, सालीतल्या तेलाच्या पेशी फोडतात आणि फळावर लालसर-तपकिरी झाक चढते. मराठवाड्यात मोसंबीवर याच प्रकाराला ‘मंगू’ म्हणतात. पावसाने उघडीप दिली आणि हवा तापली की हे वाढतात.

उरलेले दोन प्रकार म्हणजे रस शोषणारा पतंग आणि फळमाशी. हे फक्त डाग पाडून थांबत नाहीत, फळच संपवतात.

ग्राहकाच्या दृष्टीने हा फरक महत्त्वाचा आहे. फुलकिडे आणि लाल्याच्या डागाचं संत्रं सोलून खाल्लं तर चवीत काहीही फरक नसतो. कोळशीचं फळ पुसलं की झालं. मऊ पडलेलं, भोकाभोवती तपकिरी वर्तुळ असलेलं फळ मात्र घेऊ नये. तिथे बुरशी किंवा अळी आत पोचलेली असते. बाजार मात्र पाचही प्रकारांना जवळपास एकाच नजरेने बघतो.

डाग दिसतो तेव्हा उशीर झालेला असतो

नागपुरी संत्र्याचे दोन मुख्य बहार आहेत. जानेवारी-फेब्रुवारीत फुलणारा आंबिया साधारण ऑक्टोबर ते डिसेंबरात तोडणीला येतो. पावसाच्या तोंडावर फुलणारा मृग फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये. झाडावर कोवळी पालवीही तीनदा येते. तिला इथे नवती म्हणतात. रस शोषणाऱ्या किडींचं वेळापत्रक या नवतीशी बांधलेलं असतं.

काळ्या माशीचंच घ्या. तिची अंडी साधारण निम्मी उबली की फवारणी करायची, असा कृषी विद्यापीठाचा जुना सल्ला आहे. पिल्लं थोडी मोठी झाली की त्यांच्या अंगावर टणक कवच येतं आणि औषध फारसं लागत नाही. ही वेळ साधारणपणे एप्रिलच्या सुरुवातीला, ऑगस्टच्या सुरुवातीला आणि डिसेंबरच्या उत्तरार्धात येते. दहा-पंधरा दिवस पुढे-मागे झाले की मजुरी आणि औषध दोन्ही वाया. पण शेतकरी फवारणीला निघतो तो बगीचा काळा दिसू लागल्यावर, आणि तोवर माशीची ती पिढी उडून गेलेली असते.

फुलकिड्यांच्या बाबतीत हा उशीर आणखी मोठा असतो. पाकळ्या गळाल्यापासून पहिले पाच-सहा आठवडे एवढाच धोक्याचा काळ. आंबिया बहारात तो फेब्रुवारी-मार्चमध्ये येतो. फळ लिंबापेक्षा मोठं झालं की फुलकिडे त्याचं फार काही बिघडवू शकत नाहीत. तरीही देठाजवळची कडी ठळक होताना पाहून सप्टेंबरमध्ये फवारणी करणारे कमी नाहीत. दुकानदारही औषध देतो, कारण नाही म्हणण्यात त्याचा फायदा नाही.

जळगावच्या केळीत डागाचा प्रश्न याच फुलकिड्यांपासून सुरू होतो, पण तिथे एक सोय आहे. केळीच्या एका खोडाला एकच घड येतो. निर्यातीचा माल करणारे शेतकरी त्या घडावर पिशवी चढवतात आणि साल स्वच्छ राहते. संत्र्याच्या मोठ्या झाडाला शेकड्याने फळं असतात, तीही काटेरी फांद्यांमध्ये विखुरलेली. तिथे पिशवीचा विचारही करता येत नाही. त्यामुळे संत्र्याची लढाई वेळेवरच जिंकावी किंवा हरावी लागते.

पतंग रात्री येतो, सकाळी फक्त भोक उरतं

नरखेड-काटोलच्या शेतकऱ्यांमध्ये आंबियाच्या काळात सर्वांत जास्त चर्चा होते ती रस शोषणाऱ्या पतंगाची. या किडीचं वागणं समजलं तर बाकी गोंधळही बराच उलगडतो.

साधारण किडीमध्ये अळी नुकसान करते आणि पतंग निरुपद्रवी असतो. इथे उलटं आहे. पतंग मोठा, मागचे पंख केशरी-पिवळे, त्यावर काळा पट्टा. त्याची सोंड इतकी मजबूत असते की पिकायला आलेल्या संत्र्याची साल ती सहज भेदते. संध्याकाळी अंधार पडला की तो बगीच्यात शिरतो, रस पितो आणि उजाडायच्या आत निघून जातो. सकाळी सापडतं ते टाचणीएवढं भोक. त्यातून बुरशी आणि जिवाणू आत जातात, दोन-तीन दिवसांत भोकाभोवती तपकिरी वर्तुळ उमटतं आणि फळ गळतं. एकाच रात्री एक पतंग अनेक फळांना टोचू शकतो, आणि त्याने टोचलेल्या फळाकडे फळमाशीही ओढली जाते.

या पतंगाची अळी संत्र्यावर वाढतच नाही. ती वाढते बांधावरच्या, नाल्याकाठच्या रानवेलींवर. त्यातल्या दोन मुख्य वेली म्हणजे गुळवेल आणि वासनवेल. त्यामुळे संत्र्याच्या झाडावर कितीही औषध मारलं तरी पतंगाची पैदास थांबत नाही. तो तिथे फक्त रात्री जेवायला येतो. (करोनाकाळात काढ्यासाठी गुळवेलीला मोठी मागणी आली आणि अनेकांनी ती हौसेने कुंपणावर चढवली. संत्र्याच्या बगीच्याशेजारी ही हौस महागाची ठरू शकते.)

म्हणून यावरचे उपाय फवारणीपेक्षा वेगळे आहेत आणि काहीसे गावठी वाटणारे आहेत. बांधावरच्या त्या वेली काढणं. संध्याकाळी बगीच्यात कडुनिंबाचा ओला पाला आणि काडीकचरा जाळून धूर करणं. गूळ, गळालेल्या संत्र्यांचा रस आणि थोडं मॅलॅथिऑन मिसळलेलं आमिष पसरट तोंडाच्या भांड्यात ठेवून त्यावर दिवा लावणं. आणि सगळ्यात कंटाळवाणं पण सगळ्यात उपयोगी काम म्हणजे गळालेली फळं रोज वेचून खोल पुरणं. पडलेल्या फळाचा वास पतंगाला बोलावतो आणि त्याच फळातल्या फळमाशीच्या अळ्या जमिनीत जाऊन कोष करतात.

फळमाशीसाठी मिथाईल युजेनॉलचे सापळे असतात. त्याच्या वासाने नर माशा आत येऊन मरतात. हा सापळा स्वस्त आहे आणि परिणामकारकही. अडचण एकच. तो फक्त नर पकडतो. शेजारच्या चार बगीच्यांत सापळे नसतील तर तिथले नर शिल्लक राहतात, मादी तिकडे मिलन करते आणि अंडी घालायला इकडे येते. ज्याने सापळे लावले त्याचेही पैसे मग अर्धवट वाया जातात.

भाव ठरतो कसा?

या पट्ट्यात बरेच शेतकरी संत्री तोडून स्वतः बाजारात नेत नाहीत. बगीचाच व्यापाऱ्याला देतात. व्यापारी झाडावरच्या मालाचा अंदाज घेतो, सौदा होतो, काही रक्कम इसार म्हणून मिळते आणि बाकी तोडणीच्या वेळी. सौदा आणि तोडणी यांच्यात कित्येकदा महिना-दीड महिना जातो. बाजार वर गेला तर सौदा टिकतो. खाली आला की व्यापाऱ्याला डाग दिसू लागतात.

ही कटू गोष्ट आहे, पण डागाच्या चर्चेतून ती वगळली तर चित्र अपुरं राहतं. डाग खरा असतोच, पण तो भाव पाडायचं निमित्तही असतो. संत्र्यासाठी डागाचं प्रमाण मोजून दर्जा ठरवायची आणि त्या दर्जाचा भाव आधी लेखी ठरवायची पद्धत बांधावरच्या सौद्यात रुळलेली नाही. किती टक्के सालीवर डाग चालेल हे तिथेच, तोंडी, आणि जास्त घाई कोणाला आहे यावर ठरतं. माल पिकून झाडावर उभा असताना घाई शेतकऱ्यालाच असते.

गेल्या काही वर्षांत या घाईत भर पडली ती बांगलादेशामुळे. विदर्भातल्या संत्र्याचा तो सर्वांत मोठा परदेशी ग्राहक. तिथलं आयात शुल्क २०१९ मध्ये किलोमागे २० रुपयांच्या आसपास होतं, ते वाढत वाढत २०२३ मध्ये ८८ रुपयांवर गेलं. राज्य सरकारने तेव्हा निम्म्या शुल्काइतकं अनुदान जाहीर केलं, पण अडलेली वाट त्याने पूर्ण मोकळी झाली नाही. तिकडे जाणारा मोठा, चकचकीत माल मग देशातल्याच बाजारात उतरला. चांगला माल मुबलक असला की डागी मालाकडे कोण बघणार? त्यात जानेवारीनंतर पंजाबचा किन्नू येतो, धुतलेला आणि मेणाचा थर दिलेला. त्याच्या शेजारी लाल्याचं नागपुरी संत्रं हातगाडीवर बिचारं दिसतं. २०१४ मध्ये मिळालेलं भौगोलिक मानांकन चवीला आहे, पण गाडीवर विकली जाते साल.

भरपाई का मिळत नाही?

फळबागांसाठी पुनर्रचित हवामान आधारित फळपीक विमा योजना आहे. नावातच उत्तर आहे. ही योजना बगीच्यात येऊन नुकसान मोजत नाही. महसूल मंडळातल्या हवामान केंद्रावर पावसाचा खंड, अवेळी पाऊस किंवा तापमान ठरलेल्या मर्यादेपलीकडे गेलं की भरपाई लागू होते. गारपिटीसाठी वेगळा हप्ता भरून संरक्षण घेता येतं. फुलकिडे, कोळशी, पतंग यांची या योजनेत नोंदच नाही. दमट, ढगाळ हवेमुळे कीड वाढली तरी केंद्रातला आकडा मर्यादेत असेल तर काही मिळत नाही.

दुसरा मार्ग आपत्ती निधीचा. केंद्राच्या निकषांमध्ये कीड हल्ला ही आपत्ती म्हणून नोंदलेली आहे, हे फार जणांना माहीत नसतं. २०१७ मध्ये गुलाबी बोंडअळीने कापूस गेला तेव्हा राज्याने कापूस उत्पादकांना मदत जाहीर केली होती. पण अट आहे ती ३३ टक्के किंवा त्याहून जास्त नुकसानीची, आणि ते मोजलं जातं उत्पादनात. २०२२ ते २०२६ या काळासाठीच्या निकषांत बहुवार्षिक पिकाला हेक्टरी २२,५०० रुपये, तेही दोन हेक्टरपर्यंत. गळालेलं फळ या हिशेबात बसतं. डागी फळ नाही. तलाठी आणि कृषी सहायक बगीच्यात आले तर त्यांना झाडं फळांनी लगडलेली दिसतात.

थोडक्यात, संत्र्याच्या भावात झालेली घट ही सरकारच्या दृष्टीने बाजाराची गोष्ट, आणि बाजाराच्या दृष्टीने शेतकऱ्याच्या फवारणीची.

मग फवारणी वाढवली तर?

बहुतेक जण तेच करतात, आणि त्यातून नवा डाग तयार होतो. लाल्याचे कोळी हे त्याचं चांगलं उदाहरण. बगीच्यात त्यांना खाणारे मित्रकीटक आणि भक्षक कोळी असतात. सिंथेटिक पायरेथ्रॉइड गटातलं औषध वारंवार मारलं की हे मित्र आधी मरतात, आणि लाल्या मोकाट सुटतो. एका किडीसाठी केलेला खर्च दुसरीला वाट करून देतो.

लाल्यासाठी अनेक वर्षं सर्रास वापरलं जाणारं औषध होतं डायकोफॉल. ते डीडीटीपासून बनवलं जातं आणि वातावरणात फार काळ टिकून राहतं. २०१९ मध्ये स्टॉकहोम कराराखाली त्यावर जागतिक बंदीचा निर्णय झाला आणि २०२३ च्या आदेशाने भारतातही ते बंद झालं. जुन्या पुस्तिकांमध्ये, आणि त्यांवरून बनवलेल्या व्हॉट्सॲप मेसेजमध्ये मात्र अजून तेच नाव दिसतं. पाण्यात विरघळणारं गंधक हा तितकाच जुना आणि स्वस्त पर्याय आहे. भर उन्हात आणि तेलकट औषधासोबत ते मारायचं नाही एवढं पाळलं तर कामही करतं.

मारणाऱ्याचा जीव हा वेगळा विषय. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधेने २० हून अधिक शेतकरी-शेतमजुरांचा मृत्यू झाला. तेव्हा वाढलेली, डोक्यापेक्षा उंच कपाशी हे एक कारण सांगितलं गेलं. संत्र्याचं झाड तर दुप्पट-तिप्पट उंच. एचटीपी पंपाच्या गनने वर तोंड करून मारलेलं औषध अंगावरच येतं. आता ड्रोनचा पर्याय पुढे केला जातोय. पण कोळशीची पिल्लं पानाच्या खालच्या बाजूला आणि झाडाच्या आतल्या घेऱ्यात असतात. दाट, जुन्या झाडावर वरून पडणारा फवारा तिथे कितपत पोचेल, हे प्रत्येक बगीच्यात आधी तपासूनच पैसे मोजावेत.

त्यापेक्षा जास्त फरक पडतो सल काढल्याने. तोडणीनंतर वाळलेल्या फांद्या काढणं याला विदर्भात सल काढणं म्हणतात. झाड मोकळं झालं की ऊन-वारा आत जातो, कोळशी कमी होते, बुरशीची फळगळही कमी होते आणि औषध मारलंच तर ते पोचतं. मजूर मिळत नाहीत आणि मिळाले तर महाग पडतात, म्हणून हे काम पुढे ढकललं जातं.

मेक्सिकोने इथूनच नेलेला उपाय

काळी माशी मूळची आशियातली. १९३५ मध्ये ती मेक्सिकोत पोचली आणि तिथल्या लिंबूवर्गीय बागा काळ्या पडू लागल्या. औषधांनी आटोक्यात येईना, तेव्हा अमेरिकी आणि मेक्सिकन शास्त्रज्ञांनी तिच्या मूळ प्रदेशातच तिचे शत्रू शोधायचं ठरवलं. १९४९-५० च्या सुमारास भारत आणि पाकिस्तानातून अतिसूक्ष्म परोपजीवी गांधीलमाश्यांच्या काही जाती मेक्सिकोत नेण्यात आल्या. त्या काळ्या माशीच्या पिल्लांमध्ये अंडी घालतात. लाखोंच्या संख्येने त्या सोडल्यावर काही वर्षांत बहुतेक ठिकाणी काळी माशी नगण्य झाली. जैविक कीड नियंत्रणाच्या पुस्तकांत हे आजही गाजलेलं उदाहरण आहे.

म्हणजे कोळशीचे शत्रू आपल्याच मातीतले आहेत. गांधीलमाश्या आहेत, हिरव्या जाळीदार पंखांचा क्रायसोपा आहे, ढालकिडे आहेत. नागपूरच्या केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्थेतही या मित्रकीटकांवर काम झालेलं आहे. पण त्यांना जगू द्यायचं तर एकट्याने फवारणी थांबवून चालत नाही. आजूबाजूचा पट्टा थांबला पाहिजे.

आणि नरखेडचा पट्टा प्रशासकीय नकाशावर तुकड्यांत आहे. नदी ओलांडली की अमरावती जिल्हा आणि वेगळं कृषी कार्यालय. उत्तरेला गेलं की दुसरं राज्य. पतंगाला यातलं काही दिसत नाही. महाराष्ट्राने २००९-१० मध्ये क्रॉपसॅप ही कीड सर्वेक्षणाची योजना सुरू केली आणि त्याच धर्तीवर फळपिकांसाठी हॉर्टसॅप आली. निवडक शेतात जाऊन कीड मोजायची आणि ठरावीक पातळी ओलांडली की सल्ला द्यायचा, ही त्यामागची कल्पना. कल्पना योग्य आहे. पण ‘काळ्या माशीची अंडी या आठवड्यात निम्मी उबली’ ही माहिती त्या आठवड्यातच मोबाइलवर आली तर उपयोगाची, पंधरा दिवसांनी आली तर ती फक्त नोंद. २०१९ मध्ये काटोल तालुक्यात ढिवरवाडी, मोर्शी तालुक्यात उमरखेड आणि वर्धा जिल्ह्यात तळेगाव इथे सिट्रस इस्टेट मंजूर झाल्या, पंजाबच्या धर्तीवर. पंजाबात अशा इस्टेट एकत्रित यंत्रसामग्री, सल्ला आणि रोपं पुरवतात. नरखेड-काटोलमध्ये सामूहिक सापळे आणि एकाच वेळी फवारणी घडवून आणायची असेल तर त्यासाठी कागदावर तरी यंत्रणा तयार आहे.

डागी फळ रसाला गेलं तर?

अमेरिकेतल्या फ्लोरिडामध्ये बहुतेक संत्री रसासाठी पिकवली जातात. तिथले बागायतदार सालीवरच्या कोळ्यांच्या डागाची फारशी काळजी करत नाहीत, कारण रसाच्या कारखान्यात साल काढूनच टाकायची असते. ताज्या फळासाठी पिकवणारा मात्र त्याच कोळ्यांसाठी जास्त फवारण्या करतो. फळ कुठे जाणार हे आधी माहीत असलं की किती फवारायचं हे ठरवता येतं. नरखेडच्या शेतकऱ्याला ती निवडच नाही. तो सगळा बगीचा ताज्या फळासाठी पिकवतो आणि डागी ठरला की मिळेल त्या भावाला देतो. बारीक फळाला, म्हणजे चुरीला, तर कधी कधी तोडणीची मजुरीही सुटत नाही.

९ मार्च २०२५ रोजी नागपूरच्या मिहानमध्ये पतंजलीच्या फूड पार्कचं उद्घाटन झालं, तेव्हा या चर्चेला पुन्हा तोंड फुटलं. दिवसाला ८०० टन संत्र्यांवर प्रक्रिया करण्याची क्षमता सांगण्यात आली आणि वेगवेगळ्या दर्जाची फळं घेण्याची तयारीही. हे खरंच मोठ्या प्रमाणावर झालं तर डागी मालाला खालचा का होईना, एक आधारभाव मिळेल. पण दोन गोष्टी विसरून चालणार नाही. नागपुरी संत्रं बियांचं आहे आणि त्याचा रस ठेवला की कडवट होतो, त्यामुळे प्रक्रिया वाटते तितकी सोपी नाही. आणि प्रक्रियेचा भाव ताज्या फळाच्या भावापेक्षा नेहमीच कमी राहणार. त्यामुळे शेतकऱ्याच्या कामाचा प्रश्न कारखाना किती टन घेतो एवढाच नाही. डागी फळाचा किलोचा भाव तोडणीच्या आधी जाहीर होतो का, हाही आहे. तो आधी कळला तर बांधावर आलेल्या व्यापाऱ्याला नाही म्हणता येतं.

एका किडीचं मात्र या सगळ्यात वेगळं खातं आहे. सिट्रस सायला हा लहानसा रसशोषक किडा फळावर डाग पाडत नाही, पण ग्रीनिंग रोगाचा जंतू एका झाडावरून दुसऱ्यावर नेतो. त्या झाडाची फळं लहान, वाकडी आणि अर्धी हिरवी राहतात, आणि झाडावर इलाज नाही. फ्लोरिडाचं संत्र्याचं उत्पादन याच रोगाने गेल्या दोन दशकांत कोसळलं. केंद्राच्या ‘क्लीन प्लांट’ कार्यक्रमात संत्र्यासाठी नागपूरची निवड झाली आहे. त्यातून रोगमुक्त कलमं मिळतील, पण ती लावल्यावर सायलाला दूर ठेवणं पुन्हा त्याच नवतीच्या वेळापत्रकावर अवलंबून. सायलासुद्धा कोवळ्या पालवीवरच अंडी घालतो.

नरखेडमध्ये पुढचा आंबिया जानेवारीत ताण तुटल्यावर फुलेल. पाकळ्या गळायला लागल्या की कागदाच्या पांढऱ्या तुकड्यावर फांदी झटकून बघायची. पिवळसर, धाग्याच्या तुकड्यासारखे फुलकिडे चालताना दिसले तर फवारणीचा विचार करायचा, नाही दिसले तर त्या फेरीचे पैसे वाचले. एप्रिल लागला की पानं उलटून काळ्या माशीची अंडी बघायची. आणि सप्टेंबर यायच्या आधी बांधावरची गुळवेल.